तळ्याच्या तळाखालचं कोणाचं?

हा एपिसोड ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. इयरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेल्यांसाठी म्हणा हवं तर. बोलताना झालेलं "अं... म्हणजे" काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मी खोपोलीचा. कंपनी ऐरोलीला. म्हणजे रोज खोपोली लोकल, मग कर्जत, मग पुढे. हा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या गावात कुठेही उभे राहा, मान वर केली की घाटावरून उतरणारे टाटांचे जाड पाइप दिसतात. लहानपणी मला वाटायचं, डोंगराला हे असतातच. जसं झाडाला मूळ, तसा डोंगराला पाइप.

त्या पाइपांच्या वरच्या टोकाला तळी आहेत. वळवण, लोणावळा, शिरवता. आणि आता यातल्या एका तळ्याच्या खालून रस्ता जातोय. एक्स्प्रेसवेच्या 'मिसिंग लिंक'चे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. खोपोलीकडून निघून कुसगावला बाहेर पडणारा, तेरा किलोमीटरच्या आसपासचा नवा तुकडा. त्यातला मोठा बोगदा जवळपास नऊ किलोमीटरचा आहे, आणि तो लोणावळा तलावाच्या तळाखालून, शंभर मीटरहून जास्त खोलीवरून जातो. रील्समध्ये ड्रोन शॉट असतो, मागे जोशात म्युझिक असतं. माझ्या डोक्यात मात्र एक भलताच प्रश्न अडकला. तळ्यातलं पाणी कोणाचं ते एकवेळ कळतं. तळ्याच्या तळाखालचा दगड कोणाचा? आणि तो फोडायचा असेल, तर विचारायचं कोणाला?

हा प्रश्न अडकण्याचं खरं कारण बोगदा नाहीच. कारण आहे एक दगडखाण. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका खाणपट्ट्याची जनसुनावणी लागली. मावसभावाचं शेत तिथून जवळ, म्हणून सुट्टी टाकून गेलो. गावाचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, मावसभावाला तिथेच राहायचंय. जागा अशी की एक जुना पाझर तलाव आहे, त्याच्या खालच्या अंगाला टेकडी, आणि त्या टेकडीतून खडीसाठी दगड काढायचा प्रस्ताव. खाण जसजशी खोल जाणार, तसतसा तिचा तळ तलावाच्या तळापेक्षा खाली जाणार. आयुष्यातली पहिली जनसुनावणी. त्याबद्दल शेवटी बोलू. आधी थोडं मागे जाऊ, कारण "लोकांना विचारायचं" ही कल्पनाच आपल्याकडे कधी आणि कशी आली, हे शोधताना मला पुन्हा आमचे पाइपच सापडले.

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली १९१० मध्ये. जमशेटजी १९०४ मध्ये गेले होते, योजना मुलांनी पुढे नेली. गणित सोपं होतं. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या, कोळसा लांबून यायचा, धूर शहरात राहायचा. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात वेड्यासारखा पाऊस. तो माथ्यावर अडवायचा आणि कोकणच्या बाजूला सोडायचा. खोपोलीत पाणी सुमारे सव्वापाचशे मीटर खाली येतं. १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मग १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातलं भिवपुरी, आंद्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर. आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा. तिन्ही वीजघरं आजच्या रायगड जिल्ह्यात, तिन्ही तळी पुणे जिल्ह्यात. पाणी मुळात पूर्वेकडे, भीमेकडे जाणारं. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आम्ही खालच्या लोकांनी याचा फायदाच घेतला. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत जातं, म्हणून ही नदी मे महिन्यातही वाहते. तिच्यावर रसायनीपर्यंतचे कारखाने उभे आहेत. भिवपुरीचं पाणी राजनाल्यातून कर्जतच्या शेतांना मिळतं, म्हणून तिथे उन्हाळी भात दिसतं. कोकणात उन्हाळी भात ही काही सगळीकडे दिसणारी गोष्ट नाही. त्यामुळे "टाटांनी वाट लावली" असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. वाट लागली ती घाटावरच्यांची, ज्यांची शेतं तळ्यात गेली. डोंगराच्या एका बाजूला फायदा, दुसऱ्या बाजूला तोटा, आणि मध्ये सव्वापाचशे मीटरचा कडा. एकमेकांशी बोलणं तरी कसं होणार?

तेव्हा त्यांना विचारलं होतं का? हे मला कायद्याच्या भाषेत शोधायचं होतं, म्हणून १८९४ चा भूसंपादन कायदा वाचला. पीडीएफ, रात्री अकराला. सोर्स कोड वाचतो तसा, कलम-कलम. सरकार नोटीस काढणार, जमीन लागणार आहे असं जाहीर करणार. मग कलेक्टर लोकांना बोलावणार. कशासाठी? तर तुमचा हक्क काय आणि मोबदला किती मागता, ते सांगायला. "जमीन घ्यावी की नाही" यावर बोलायला मूळ कायद्यात खिडकीच नव्हती. बाकी सगळी बटणं आहेत, 'नको' हे बटणच नाही. आणि सार्वजनिक कामाच्या नावाखाली खाजगी कंपनीसाठीही याच कायद्याने जमीन घेता यायची. त्यासाठी कायद्यात स्वतंत्र भाग होता.

मुळशीत नेमकं हेच झालं. पहिलं महायुद्ध संपल्यानंतर कंपनीने मुळा आणि नीला नद्यांच्या खोऱ्यात धरणाची तयारी सुरू केली. शेतात चाचणीचे खड्डे खणायला माणसं आली तेव्हा मावळ्यांना कळलं की आपलं खोरं बुडणार आहे. पन्नासच्या आसपास गावं, दहा हजारांच्या घरात माणसं. भात पिकवणारी चांगली जमीन. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी हजारभर मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पाडलं. घोषणा होती "जान किंवा जमीन". गांधीजींनी 'यंग इंडिया'त या लढ्याबद्दल लिहिलं, टाटांना आवाहन केलं. काम काही महिने थांबलं, पुन्हा सुरू झालं, सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट इथेच 'सेनापती' झाले. १९२४ च्या अखेरीस त्यांनी कामगारांची गाडी अडवली, पिस्तूल चालवलं, आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. तोपर्यंत लढा जवळपास संपला होता. धरण झालं. आज तुम्ही पावसाळ्यात ताम्हिणीला जाताना ज्या पाण्यापाशी फोटो काढता, ते हेच.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर अख्खं पुस्तक लिहिलंय. ते वाचताना मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट पोलिसांची किंवा कंपनीची नव्हती. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्याच नावावर होत्या. सावकारांना जमीन वाचवण्यात रस कमी, मोबदल्यात जास्त. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती. म्हणजे "गावाचं म्हणणं काय" या प्रश्नाला तेव्हाही एक उत्तर नव्हतं. विचारणार कोणाला, हा प्रश्न विचारणार की नाही याच्याइतकाच मोठा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गंमत बघा. मुळशी धगधगत असताना, १९२३ मध्ये, दिल्लीत १८९४ च्या कायद्यात एक कलम घुसवलं गेलं. पाच-अ. जमीन जाणाऱ्याला ३० दिवसांत हरकत घेता येईल, कलेक्टर त्याचं म्हणणं ऐकेल, अहवाल सरकारला पाठवेल. हे मुळशीमुळेच झालं असा सरळ धागा मी जोडत नाहीये. पण ज्या वर्षांत मावळे पाण्यात उभे होते त्याच वर्षांत 'नको'चं बटण पहिल्यांदा कायद्यात आलं, एवढं खरं. अर्थात अंतिम निर्णय सरकारचाच. आणि 'तातडी'चं कारण देऊन हे कलम बाजूला ठेवायची सोयही होती. फीचर दिलं, आणि ॲडमिनला ते ऑफ करायचा स्विचपण दिला.

पुढची साठ-सत्तर वर्षं मी झपकन ओलांडतो, कारण या विषयात तेवढ्या काळात बटणाचा रंगही फारसा बदलला नाही. धरणं झाली, कारखाने झाले, आमच्या खालापूरचा अर्धा तालुका एमआयडीसी आणि फार्महाउस झाला. बदल आला तो १९८४ च्या भोपाळनंतर. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा. १९९४ मध्ये पर्यावरण आघात मूल्यमापनाची अधिसूचना, ज्याला सगळे 'ईआयए' म्हणतात. आणि १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने जनसुनावणी सक्तीची झाली. मग १४ सप्टेंबर २००६ ची नवी अधिसूचना, जी दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे.

इथे एक मूलभूत फरक आहे. पाच-अ मध्ये फक्त ज्याची जमीन जाते तोच बोलू शकत होता. जनसुनावणीत सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूसही बोलू शकतो. शेतमजूर, गुराखी, विहिरीवर पाणी भरणारी बाई, कोणीही. मुळशीत ज्यांचा आवाज सावकाराच्या मोबदल्याखाली दबला, त्यांना इथे निदान कागदावर तरी माइक आहे.

पण माइक म्हणजे मत नव्हे. हे लोकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. जनसुनावणीत मतदान होत नाही. हजार लोकांनी नाही म्हटलं म्हणून प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. आणि कोरमही लागत नाही. दहाच माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. त्यांनी काय सांगितलं ते नोंदवायचं, व्हिडिओ काढायचा, शेवटी नोंदवलेलं सगळ्यांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं, आणि ते परवानगी देणाऱ्या समितीकडे पाठवायचं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी. नोटीस ३० दिवस आधी, दोन वर्तमानपत्रांत. वर्तमानपत्रात! आपल्यापैकी किती जणांच्या घरी रोज दोन पेपर येतात?

खऱ्या मतदानाची एक गोष्ट मात्र आपल्याच जिल्ह्यात घडलीये आणि ती शाळेत कोणी सांगत नाही. २१ सप्टेंबर २००८, पेण तालुका. रिलायन्सचं महामुंबई सेझ पेण, उरण, पनवेलच्या शेतजमिनींवर येणार होतं. यातली २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात होती. म्हणजे सरकारनेच धरण बांधलं, पाणी देऊ म्हणून सांगितलं, आणि त्याच जमिनी सेझला द्यायला निघालं. आंदोलन पेटलं. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन अशी माणसं त्यात पुढे होती. शेवटी सरकारने त्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांना थेट विचारायचं ठरवलं: जमीन द्यायची की नाही? देशात सेझवर असं लोकमत पहिल्यांदाच घेतलं गेलं. ज्यांनी मत दिलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी 'नाही' म्हटलं. गावोगाव सगळ्यांना निकाल ठाऊक होता. सरकारने मात्र तो रीतसर जाहीर केलाच नाही. पुढे भूसंपादनाची मुदत संपली आणि ते सेझ बारगळलं. आज सिडकोच्या नळाला हेटवणेचं पाणी येतं, हा आणखी वेगळा एपिसोड.

आता खाण. आणि तळ्याखालची खाण. जगात असं झालंय का? झालंय, आणि एक किस्सा तर सिनेमासारखा आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात पेनियर नावाचं तळं. खोली जेमतेम दहा-अकरा फूट, म्हणजे आपल्या एखाद्या गावतळ्याएवढी. त्याच्या खाली मिठाची मोठी खाण. २० नोव्हेंबर १९८० ला तळ्यात तेलासाठी भोक पाडणाऱ्या यंत्राचं टोक अडकलं, मग यंत्राचा मनोराच कलायला लागला. माणसं उतरून पळाली. त्यांच्या डोळ्यांदेखत तळ्यात भोवरा तयार झाला आणि मनोरा, अकरा तराफे, काठावरची जमीन, सगळं आत. ड्रिल खाणीत घुसलं होतं. तळं खाणीत रिकामं होताना समुद्राकडे वाहणारा कालवा उलटा वाहू लागला, काही दिवस तिथे धबधबा होता. खाणीतले पन्नासच्या आसपास कामगार त्या वेळी आत होते आणि सगळेच्या सगळे जिवंत बाहेर आले. नेमकी चूक कोणाची, हे सांगणारे पुरावेही तळ्यासोबत वाहून गेले.

आपल्याकडचा किस्सा असा सुखान्त नाही. २७ डिसेंबर १९७५, धनबादजवळची चासनाला कोळसा खाण. वर जुन्या खोदकामात साठलेलं पाणी भिंत फोडून खाली काम चालू असलेल्या भागात शिरलं. सरकारी आकडा ३७५ मृत्यू. अमिताभचा 'काला पत्थर' यावरून सुचलेला.

मग आमच्या पाझर तलावाचंही असं होणार का? नाही. इथे मला घाबरवायचं नाहीये. आपला दगड काळा बेसाल्ट, मीठ नव्हे. पाण्यात विरघळत नाही. शिवाय आपल्याकडे भूमिगत खाणी नाहीत, उघड्या दगडखाणी आहेत. तळं भोवरा होऊन गायब होणार नाही. जे होतं ते इतकं हळू होतं की त्याचं रील बनत नाही. बेसाल्टमध्ये पाणी दगडात नसतं, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात असतं. पाझर तलाव बांधतात तेच यासाठी की पाणी त्या भेगांतून मुरावं आणि खालच्या विहिरींना मिळावं. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तिच्या भिंतींतून पाणी झिरपायला लागतं. काम चालू ठेवायला पंप लावून ते उपसावं लागतं. पंप चालतो तसं आजूबाजूच्या भेगांतलं पाणी विहीर सोडून खाणीकडे वळतं. सगळ्यात खोल खड्डा जिंकतो. एवढं साधं आहे.

गोव्यातल्या डिचोलीवाल्यांना हे समजवायची गरज नाही, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. पोर्तुगीज सरकारने नकाशावर रेघा मारून लोहखनिजाच्या सवलती दिल्या, त्या कायमच्या. रेघेच्या आत घर आहे की देऊळ की तळं, हे बघायची पद्धत नव्हती. १९८७ मध्ये भारत सरकारने कायदा करून या सवलतींचे खाणपट्टे केले. रेघा तशाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द केले, मग नव्याने लिलाव झाले. पहिल्या लिलावांत डिचोली, मुळगाव, मये, शिरगाव या भागातला ४७८ हेक्टरचा पट्टा वेदांता कंपनीला मिळाला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याची जनसुनावणी झाली. गावकऱ्यांची मागणी होती, घरं, देवळं, शेतं आणि तळी पट्ट्याच्या बाहेर काढा. विचार करा. मागणी "खाण नको" इतकीही नाही. मागणी अशी की आमचं गाव तुमच्या नकाशातून वेगळं काढा. २०२४ च्या जानेवारीत पर्यावरण परवानगी मिळाली.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. तळाखालचा दगड कोणाचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की जमीन ज्याची, खालचं खनिजही साधारणपणे त्याचंच, कायद्याने वेगळं काही ठरवलं नसेल तर. हे वाचून मी उडालो. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता उघडली, १९६६ ची, कलम ४८. तिथे वेगळं ठरवलंय. खनिज वर असो की खाली, शेतात, नाल्यात, नदीपात्रात, कुठेही असो, हक्क राज्य सरकारचा. म्हणजे सातबारा तुमचा, पण तो एका अर्थाने वरच्या कातडीचा. म्हणून तर स्वतःच्या शेतातला मुरूम विकायला काढलात तरी तहसीलदाराकडे रॉयल्टी भरावी लागते.

मग निदान गावाला विचारायचं बंधन? आहे, पण कुठे, ते बघा. १९९६ चा पेसा कायदा. अनुसूचित क्षेत्रात दगड-वाळूसारख्या गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी एकामागून एक खाणीला नकार दिला तो वनहक्क कायद्याच्या जोरावर, आणि तो नकार टिकला. आता नकाशा उघडा. ठाणे जिल्ह्यातला अख्खा शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात. आमच्या कर्जतला खेटून असलेल्या मुरबाडमधली काही गावंही. आणि रायगड जिल्हा? एकही गाव नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत इतक्या ठाकूरवाड्या, कातकरीवाड्या आहेत. माणसं तीच, देव तेच, सोयरीकही होते. पण तालुक्याची हद्द ओलांडली की ग्रामसभेची ती ताकद संपते. मी हे मावसभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आमची टेकडी चुकीच्या बाजूला उगवली म्हण की."

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. आत्ताच तर पुन्हा सुरू होतंय. २०२३ मध्ये राज्य सरकारने उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे सामंजस्य करार केले. पंप-स्टोरेज म्हणतात ते. टाटांचे दोन, भिवपुरीला १००० मेगावॅट आणि शिरवत्याला १८०० मेगावॅट. टोरेंटचा कर्जतला ३००० मेगावॅट. वर एक तळं, खाली एक तळं. सौरऊर्जा जास्त असताना पाणी वर चढवायचं, रात्री वीज लागली की खाली सोडायचं. डोंगराची मोठी बॅटरी. इंजिनियर म्हणून मला ही कल्पना खरंच आवडते, कोळशापेक्षा शंभर पटीने बरी वाटते. पण खालापूरकर म्हणून 'बोगदा' आणि 'सुरुंग' हे शब्द ऐकले की १९ जुलै २०२३ ची रात्र आठवते. इर्शाळवाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ती दरड खाणीमुळे आली नव्हती, पावसात डोंगर सुटला. पण ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच तेव्हा सांगितलं. त्यानंतर "आमच्या अभ्यासानुसार धोका नाही" हे वाक्य इकडच्या माणसाला पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

तर, ती सुनावणी. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या. पुढच्या चार रांगा आधीच भरलेल्या, त्यातले बरेच चेहरे गावात कोणी ओळखेना. अहवाल इंग्रजीत, चारशेहून जास्त पानांचा. मराठीत फक्त सारांश, आणि तोही असा की 'ओव्हरबर्डन' म्हणजे दगडावरची माती, तिचं भाषांतर केलं होतं 'अतिरिक्त ओझे'. माझ्या शेजारचे काका ते वाचून म्हणाले, "हे आपल्यावर की त्यांच्यावर?" नियमाने सारांशच स्थानिक भाषेत लागतो, अख्खा अहवाल नाही. त्यामुळे तक्रार तरी काय करणार?

सरपंच बोलले, दोन पक्षांचे दोन जण बोलले, एकाने रोजगार मागितला, एकाने रस्ता. रोजगार मागणाऱ्याला मी हसणार नाही. त्याच्या घरात दोन पोरं बीए होऊन बसलीयेत. मग मागून एक ठाकूर बाई उठल्या. माइक धरायची सवय नसल्याने तो हनुवटीला टेकवून म्हणाल्या, "साहेब, तलावाचं पानी खानीत उतरलं, तर आमच्या बावडीला काय राहील?" मांडव शांत. कंपनीच्या सल्लागाराने उत्तर दिलं की अभ्यासानुसार इम्पॅक्ट निग्लिजिबल आहे. बाई उभ्याच. "म्हंजे किती हात?" त्यांनी विचारलं. त्यांना आकडा हवा होता. माझ्या मते अख्ख्या सुनावणीतला एकमेव तांत्रिक प्रश्न तोच. साहेबांनी "नोंद घ्या" म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं.

नंतर मी अहवालात शोधलं. विहिरींच्या पातळीची नोंद होती, एका हंगामाची, हिवाळ्यातली. नियमात ते बसतं, पावसाळा सोडून एक हंगाम पुरतो. पण बावडी आटते ती मे महिन्यात. मेची नोंद कुठेच नव्हती.

सुनावणीचं इतिवृत्त प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर येतं. तुमच्या भागातल्या नोटिसाही तिथेच असतात, पेपरची वाट बघू नका. मी ते उतरवून घेतलं. बाईंचा मुद्दा त्यात आहे: 'स्थानिक महिलेने पाण्याबाबत विचारणा केली.' पुढच्या रकान्यात उत्तर: 'परिणाम नगण्य.' 'किती हात' नाही.

मावसभावाने मग दोरीला दगड बांधला. दर रविवारी सकाळी तो बावडीत दोरी सोडतो, भिजलेली जागा गाठ मारून मोजतो आणि मला व्हॉट्सॲप करतो. मी ते शीटमध्ये भरतो. तारीख, किती हात, किती मीटर, पाऊस झाला का. त्या बाईंनी सांगितलं म्हणून 'हात' हा रकाना पहिला ठेवलाय. परवानगीचा निर्णय अजून यायचाय. शीटमध्ये सध्या ४१ ओळी आहेत, मेचे सगळे रविवार भरलेत. एका रविवारी तो लग्नाला गेला होता, ती ओळ रिकामी आहे.

चला, कर्जत आलं. पुढच्या भागात भेटू.